एका खोलीचे चार भाव

दोन हजार तेवीस साल होतं. त्या वर्षी श्रावण अधिक आला आणि पुढचे सगळे सण लांबले. महालक्ष्म्या सप्टेंबर संपता संपता उठल्या, आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी भिवापूरच्या शेतातल्या घरी तो प्रकार घडला. कौशल्याबाईंना तिथी-वारासकट आठवतं. छप्पन्न वर्षांच्या संसारात त्या घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम सात वेळा झाला होता, पण खोल्या दाखवायचा तो पहिलाच.

खोल्या सहा. पूर्वी जिथे मिरची वाळत पडायची त्या जागेवर नातीने, मयुराने, बांधलेल्या. पुण्याची नोकरी सोडून, साठवलेला पैसा न् पैसा घालून. वाघ पाहायला येणाऱ्या लोकांनी इथे उतरावं, जेवावं, पहाटे उठून जंगलाच्या गेटवर जावं, असा तिचा बेत होता. पण पहिल्या हंगामात अकरा कुटुंबं आली आणि त्यातली सात नात्यातली निघाली. नातेवाइकांनी पैसे तर दिले नाहीतच, वर जाताना प्रत्येकाने मिरचीची पिशवी नेली. कौशल्याबाईंचे यजमान वामनराव स्वतः गाडीपर्यंत पोचवायला जायचे.

"आबा, असं नाही चालत," मयुरा रडकुंडीला येऊन म्हणायची.

"अवं, मामाच्या साडूचा पोरगा होता तो! त्याले बिल देऊ का मी?" वामनराव म्हणायचे.

मग मयुराने शहरात सीताबर्डीवर जाऊन कृष्णकांतला गाठलं. दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलांचं ऑफिस, भिंतीवर भारताचा नकाशा. हा माणूस प्रवाशांना काहीच विकत नव्हता. गावोगावच्या हॉटेलांकडून हंगामाच्या हंगाम खोल्या ठोक भावाने उचलायचा आणि पुण्या-रायपूरच्या एजंटांना पुरवायचा. एजंट पुढे आपल्या गिऱ्हाइकांना विकायचे.

"म्हणजे अडत्या," कौशल्याबाईंनी एका वाक्यात निकाल लावला.

"हाव आजी. खोल्यांचा अडत्या."

हे त्यांना लगेच पटलं. मिरचीच्या दिवसांत त्यांनी अडते पाहिले होते. अडत्याला डावलून थेट व्यापाऱ्याशी बोलणारा शेतकरी पुढच्या वर्षी स्वतःची पोती स्वतःच वाहत बसायचा, हेही पाहिलं होतं.

कृष्णकांत म्हणाला होता, "सहातल्या चार खोल्या मी घेतो, दोन वर्षांसाठी. पण आधी माझे तीन एजंट येऊन पाहतील. त्यांच्या मनात भरलं तर सही."

आणि इथेच मयुराचा जीव टांगणीला लागला होता. कारण दुसरा एक कागद तिच्या बापाच्या, सुशीलच्या, बॅगेत तयार होता. बुटीबोरीच्या एका कारखान्याला आपल्या साहेब लोकांसाठी गेस्ट हाऊस हवं होतं. दहा वर्षांचा करार, एक तारखेला भाडं, डोक्याला ताप नाही. जमीन कौशल्याबाईंच्या नावावर, तेव्हा सही त्यांचीच लागणार. त्यांनी मुलाला शब्द दिला होता, की कृष्णकांतने सही केली तर ठीक, नाही तर तुझ्या कागदावर करते. आणि ते त्याच दिवशी ठरायचं होतं, कारण परवा पितृपक्ष लागत होता आणि मग पंधरा दिवस घरात कोणी नव्या कागदाला हात लावणार नव्हतं.

सकाळी मयुराने सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"आज कोणीच भाव बोलायचा नाही. एजंटनं विचारलं, खोली कितीले देता, तर काय म्हणायचं?"

"कृष्णकांतले विचारा," सगळे एका सुरात म्हणाले.

"पुन्हा?"

"कृष्णकांतले विचारा!"

"आपण कृष्णकांतकाकांना कोणत्या भावानं देतो हे एजंटले कळलं, की मधला माणूस उडाला. मग ते कायले येतील आपल्याकडे?"

"समजलं ना, पोट्टे," प्रयागबाई म्हणाल्या. या वामनरावांच्या धाकट्या बहीण, सत्तरीच्या, विधवा, आणि गावातली अर्धी लग्नं स्वतः जमवलेल्या. "मले काही शिकवून राहिली तू? मी बोलणीत कधी जास्तीचा शब्द बोलली का?"

सून दामिनी चुलीपाशी गोळाभाताचे गोळे वळत होती. तिने नुसतं सासूकडे पाहिलं. नवऱ्याच्या विरोधात जायचं नाही आणि लेकीला सोडायचं नाही, अशी तिची महिनाभर कसरत चालली होती. त्या पाहण्यात सगळं होतं, की आई, हे लोक तोंड बंद ठेवतील असं तुम्हाला वाटते का?

कौशल्याबाईंना वाटत नव्हतं. पण स्वतःबद्दल त्यांना पूर्ण भरवसा होता.

दहा वाजता गाडी आली. कृष्णकांत आधी उतरला, पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, कमी बोलणारा माणूस. मागून पुण्याची श्वेता, रायपूरची पिंकी आणि नाशिकचे मार्तंडराव. आणि घराने जे करायचं तेच केलं. प्रयागबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. वामनराव फेटा बांधूनच उभे होते. पाय धुवायला गरम पाणी, मग गूळ-पाणी, मग चहा. मयुरा कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, ते खोल्या पाहायला आलेत."

"मंग? खोल्या काय पळून चालल्या?"

मुलाकडची मंडळी आली की या घरात कामाची वाटणी आपोआप होते. एकेक पाहुणा एकेकाच्या ताब्यात जातो. पाहुण्याला एकटं सोडणं हा अपमान. त्याप्रमाणे पिंकीला प्रयागबाईंनी उचललं, मार्तंडरावांना वामनरावांनी, आणि श्वेता कौशल्याबाईंच्या वाट्याला आली. कृष्णकांतला मयुरा हिशोबीपणे खोल्यांमधून फिरवत राहिली. सुशील मोबाईल कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता. त्याला हे सगळं फसायला हवं होतं, पण फसवायला आपण जावं इतका तो वाईट नव्हता.

श्वेता पंचविशीतली, हसरी. तळ्याकडच्या खोलीत शिरली आणि खिडकी उघडून तशीच उभी राहिली. बाहेर पाण्यावर बगळे बसले होते.

"आजी, ही खोली मी कोणाला विकणारच नाही. मीच येऊन राहीन."

"ये ना वं! दिवाळीत ये. ही खोली तुहीच."

"दिवाळीत? मिळेल?"

"न मिळायले काय झालं? घर आपलं आहे."

मग ती पायरीवर बसली, सँडल काढले आणि कुठे कुठे काय दुखतं ते सांगू लागली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात एकटीच ऑफिस चालवायची. पहाटे चारला गिऱ्हाइकाचा फोन येतो, की विमान चुकलं, आता तूच बघ. कौशल्याबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. डोक्याला तेल नव्हतं.

"आजी, खरं सांगा, तुम्हाला एका खोलीचे किती सुटतात हो?"

कौशल्याबाईंच्या मनात मयुराचं सकाळचं वाक्य आलं. अगदी शब्दन्शब्द आलं. आणि त्यांच्या तोंडातून निघालं, "जेवणासहित सव्वीसशे. पण तुले मी पंचवीसशेले देईन. कोणाले सांगजो नको."

शब्द बाहेर पडला आणि त्यांना वाटलं, काही नाही, एका पोरीला तर सांगितलं. बाकीचे शहाणे आहेत.

जेवण ओसरीवर मांडलं. गोळाभात, वरून फोडणीचं तेल, चिंचेचं सार, वांग्याची भाजी, आणि वाटीत भिवापुरी मिरचीचा ठेचा. दामिनीने तिघींच्या बरोबरीचं काम एकटीने उरकलं होतं. एजंट पहिल्या घासालाच खूश झाले. मार्तंडरावांनी तर सरळ जाहीर केलं, "कृष्णकांतभाऊ, माझ्याकडून हो समजा." मयुराच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं. तिने आजीकडे पाहिलं. आजी भाताकडे पाहत होत्या.

"और रेट भी एकदम बढ़िया है," पिंकी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती ठेच्याने लाल झालेलं नाक पुसत होती. "अट्ठाईस सौ में इतना खाना कौन देता है?"

कृष्णकांतचा हात थांबला. त्याने एजंटांना एकतीसशे सांगितले होते.

"अठ्ठावीसशे?" श्वेता म्हणाली. "मला तर पंच…" आणि तिने जीभ चावली. पण पंचवीस म्हणायला आता उरलं काय होतं!

"तुम्ही पैसे देणार?" मार्तंडराव प्रामाणिकपणे गोंधळले. "मला आजोबा म्हणाले, पैशाचं मागाहून पाहू. सोयरे आहात, आधी या तर खरे."

वामनरावांनी फेटा सारखा केला. प्रयागबाईंनी एकदम पाण्याचा तांब्या उचलला आणि कोणी मागितलं नसताना सगळ्यांचे पेले भरायला सुरुवात केली.

कृष्णकांतने पानावर पाणी फिरवलं, अर्ध्या भातावर, आणि उठला.

अशा घरातून पाहुणा अर्ध्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. दामिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मयुरा," कृष्णकांत हात धुऊन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट वाटत होतं. "मी बावीस वर्षं हा धंदा करून राहिलो. हॉटेलवाल्यानं माझ्या पाठीमागं माझ्या एजंटले भाव फोडला, असं झालं. पण घरातल्या तिघांनी तीन एजंटले तीन भाव, तेही एका सकाळी! असं नाही झालं."

"काका, मी सगळ्यांना सांगितलं होतं…"

"तू सांगितलंच असशील. पण मी उद्या खोल्या उचलल्या आणि हे लोक थेट तुमच्याकडे आले, तर मी मधे कायले?" त्याने बॅग उचलली.

मयुरा उभीच होती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं कौशल्याबाईंना वाटलं. तिच्या बापाने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. सुशील हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. पण त्याने दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडली, आणि ते कौशल्याबाईंनी पाहिलं.

"आई," तो हळू म्हणाला, "चष्मा आणू का तुहा?"

"थांब गा," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "कृष्णकांत, बसा तुम्ही. पाच मिनिटं. पानावर नका बसू, पायरीवर बसा. पंचवीसशे मी सांगितले."

"आई!" दामिनी.

"आजी!" मयुरा.

"वहिनी, तू? अन् मले सकाळी डोळे वटारून राहिली होती!" प्रयागबाईंना एकदम बळ आलं.

"मीच. तिच्या डोक्याले तेल नव्हतं, मले दया आली. आता मले एक विचारू द्या." त्या श्वेताकडे वळल्या. "पोरी, मी तुले दिवाळीत कोणती खोली देते म्हटलं?"

"तळ्याकडची."

"अन् पिंकीबाई, तुमाले?"

पिंकीने प्रयागबाईंकडे पाहिलं. "बुआजी ने भी… वो तालाब वाला रूम. दिवाली में. मेरी तीन फैमिली आएगी बोली मैं, तो बोलीं सब आ जाओ।"

"सब कुठे म्हटलं वं मी? या म्हटलं," प्रयागबाई पुटपुटल्या.

"मार्तंडराव?"

मार्तंडरावांनी घसा साफ केला. "आजोबांनी मला तळ्याकडची खोली दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दिली आहे. आणि ती आधी त्यांनी त्यांच्या व्याह्यांनाही दिली आहे, असं बोलता बोलता म्हणाले. म्हणाले, तेही चांगले आहेत, तुम्ही सगळे मिळून राहाल."

आता श्वेता हसायला लागली. पण मार्तंडराव हसले नाहीत, कारण त्यांना आणखी एक सांगायचं होतं. त्यांनी सुशीलकडे पाहिलं. "आणि साहेब, तुम्ही मघाशी अंगणात मला म्हणालात, या खोल्या एखाद वर्षात राहतील की नाही सांगता येत नाही, पण तुम्ही आलात तर तळ्याकडची खोली मी पक्की करून देतो."

सुशीलच्या हातातली चेन तिथेच अडकली.

"तू बी?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"माणूस चांगला बोलून राहिला होता, आई," सुशील म्हणाला. "मी काय म्हणू? नाही म्हणू?"

"हेच!" कौशल्याबाईंनी कृष्णकांतकडे वळून दोन्ही हात पसरले. "पाहिलं? या घरात कोणाले नाही म्हणता येत नाही. माह्या सासऱ्याले येत नव्हतं, नवऱ्याले येत नाही, अन् जो हे बंद करायले निघाला त्यालेही येत नाही. एका खोलीत दिवाळीले चार घरं घुसवून ठेवली आम्ही, त्यातली तीन तर आजच्या दहा ते बारात. आता या तिघांनाच विचारा. आमच्याशी थेट धंदा करता का?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले.

मार्तंडराव सगळ्यांत आधी बोलले. "मी दिवाळीत बारा माणसं नाशिकहून तेरा तासांचा प्रवास करून आणायची, आणि इथे आजोबांचे व्याही झोपलेले असायचे! नको बुवा. पंचवीसशे काय, फुकट दिली तरी नको. कृष्णकांतभाऊ, तुम्हीच मधे राहा."

"मुझे तो कागज़ चाहिए," पिंकी म्हणाली. "नाम के साथ. बुआजी का प्यार अलग, बुकिंग अलग."

श्वेताने कौशल्याबाईंचा हात धरला. "आजी, राग मानू नका. पहाटे चारला माझ्या गिऱ्हाइकाला खोली मिळाली नाही, तर मी तुम्हाला काय बोलणार? कृष्णकांतकाकांना मी वाटेल ते बोलू शकते."

कृष्णकांत पायरीवर बसला होता. तो हसतो आहे हे कोणाला आधी कळलंच नाही, कारण तो आवाज न करता हसायचा, फक्त खांदे हलायचे.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "मी आजपर्यंत हॉटेलवाल्यांना सांगत आलो, की मी तुम्हाला गिऱ्हाईक आणून देतो म्हणून मले ठेवा. तुम्ही मला गिऱ्हाइकाला नाही म्हणायले ठेवून राहिल्या."

"त्याचेच पैसे जास्त लागतात," कौशल्याबाई म्हणाल्या.

"एक अट आहे."

"बोला."

"कागदावर लिहून घेईन. चार खोल्या माझ्या. मी चौदा दिवस आधीपर्यंत नावं देईन. ज्या खोल्यांची नावं आली नाहीत, त्या तुम्हाला परत, मग तुम्ही व्याह्यांना द्या की कोणाले. पण ती मुदत संपेपर्यंत घरातला एकही माणूस त्या खोल्यांबद्दल बोलणार नाही. आणि भाव फक्त मयुरा बोलेल. ज्यांनी बोलायचं नाही त्यांची नावं लिहून."

"माहं नाव बी?" वामनराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

"तुमचं सगळ्यात वर, काका."

मयुराने कागद आणला. सगळे गोळा झाले. कौशल्याबाईंनी सुशीलकडे पाहिलं. त्याचा कागद अजून बॅगेत होता, आणि मुलगा म्हणून त्याचा हक्कही होता. त्यांनी शब्द दिला होता, पण तो कृष्णकांतने नाही म्हटलं तरचा होता. तरीही सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "करू का गा?"

सुशीलने लेकीकडे पाहिलं. मयुरा त्याच्याकडे पाहत नव्हती. ती कागदाचे कोपरे जुळवत होती, आधीच जुळलेले.

दामिनी भाताचं पातेलं उचलता उचलता म्हणाली, "त्यांना काय विचारता आई? त्यांना नाही म्हणता येत नाही, आताच सांगितलं ना त्यांनी."

सगळ्यांत मोठ्याने सुशीलच हसला. त्याने बॅगेची चेन लावली, खिशातून पेन काढलं आणि आईच्या हातात दिलं.

कौशल्याबाईंनी मराठीत, ठसठशीत, पूर्ण नाव लिहिलं. मग कृष्णकांतला म्हणाल्या, "आता पानावर बसा. गरम भात टाकते ही."

त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं तर असं. पिंकीने रायपूरहून पहिल्याच हंगामात नऊ कुटुंबं पाठवली, आणि प्रत्येकाबरोबर प्रयागबाईंसाठी साडी. प्रयागबाईंनी त्या साड्या नेसून पिंकीच्या धाकट्या भावाचं लग्न जमवलं, मधल्या माणसाचा मान रीतसर घेऊन. श्वेता दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन, आणि कौशल्याबाईंनी त्यालाही बसवून तेल लावलं. कृष्णकांतने सीताबर्डीचं ऑफिस मुलाकडे दिलं, पण इथल्या खोल्या अजून स्वतःच पाहतो. मुलगा विचारतो काहून, तर सांगत नाही.

वामनराव दोन हजार पंचवीसच्या फाल्गुनात गेले, झोपेतच, कोणालाही ताप न देता. त्यांनी कराराचा तो नियम शेवटपर्यंत पाळला, म्हणजे भाव कधी बोलले नाहीत. लोकांना नुसतं 'या' म्हणत राहिले. त्यांच्या दिवसांना इतकी माणसं आली, की मयुराला कृष्णकांतला फोन करावा लागला. त्याने तीन पार्ट्यांना दुसरीकडे हलवलं आणि चारही खोल्या मोकळ्या करून दिल्या, एक शब्द न बोलता.

दामिनीने स्वयंपाकघर दोन बायका हाताखाली घेऊन चालवलं, आणि पुढे तिच्या हातच्या गोळाभातासाठी म्हणून लोक राहायला येऊ लागले. बुटीबोरीच्या कारखान्याला दुसरीकडे जागा मिळाली. मयुराने आणखी चार खोल्या बांधल्या, आणि त्यातल्या दोनच कृष्णकांतला दिल्या, हातचं राखून. तिचं लग्न झालेलं नाही. कौशल्याबाईंनी विचारलं तर म्हणते, सध्या खोली नाही, चौदा दिवस आधी सांगते.

आणि सुशील. पंचवीसच्या दिवाळीला त्याने शहरातून लेकीला फोन केला, की मी आणि माझे तीन मित्र येतो, खोल्या ठेव. मयुरा म्हणाली, बाबा, दहाही गेल्या. तो चिडला, हे घर कोणाचं आहे म्हणाला. मग त्याने गुपचूप नाशिकला मार्तंडरावांना फोन लावला, मार्तंडरावांनी कृष्णकांतला लावला, आणि कोणीतरी रद्द केलेल्या दोन खोल्या त्याला मिळाल्या, पूर्ण भावाने. भाऊबीजेच्या दिवशी तो पाहुण्यांसारखा बॅग घेऊन उतरला, वहीत नाव लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत दोनदा तक्रार केली की अंघोळीचं पाणी कोमट आहे. कौशल्याबाई तर तिथेच राहतात. त्या दिवशी त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्याने त्यांच्याकडेही तक्रार नेली.

"मले काय सांगतो गा?" त्या म्हणाल्या. "तुह्या एजंटले सांग."